घाटमाथ्यावरचे मौन

कसारा स्थानकात गाडी अंमळ अधिक थांबते. मागच्या बाजूस साहाय्यक इंजिने जोडली जातात, आणि मग ३७ फुटांस १ फूट अशा खड्या चढणीवरून, बोगद्यामागून बोगदे ओलांडीत, ती थळ घाट चढू लागते. १८६५ साली खुल्या झालेल्या या लोहमार्गावरील आषाढातल्या दऱ्या, कड्यांवरून सुटलेल्या पांढऱ्या धारा आणि डब्यात शिरणारे धुके यांवर एरवी मी पाने खर्ची घातली असती. परंतु त्या सकाळी बाहेर पाहण्याइतके मन मोकळे नव्हते. थोरल्या बंधूंच्या हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी होऊन ते सुखरूप घरी परतले होते, आणि संकट टळल्यानंतरच माझ्या मनात एका भयाने ठाण मांडले होते: मध्यरात्री जाग यावी, घसा कोरडा पडावा, छाती आवळली जावी, आणि भीती वाटते ती नेमकी कशाची, हे मात्र सांगता येऊ नये. डॉक्टरांचे उपचार चालू होते. त्यांच्या संमतीनेच मी इगतपुरीला, धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास, निघालो होतो.

प्रवेशाचा शिरस्ता तेथे काटेकोर आहे. अर्जात मनोविकारांची आणि चालू औषधांची स्पष्ट विचारणा असते, आणि ती मला अत्यंत योग्य वाटली, कारण ज्याची मनोव्यथा तीव्र आहे त्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून इतक्या कडक साधनेस बसणे धोक्याचे आहे. पुस्तके, लेखणी, मोबाईल असा सारा ऐवज जमा होतो. पंचशीलाचे ग्रहण होते. आणि आर्य मौन सुरू होते, ज्यात खाणाखुणाही वर्ज्य असतात. पहाटे ४ वाजता घंटा, ११ वाजता भोजन, सायंकाळी ७ वाजता प्रवचन, ९ नंतर निजानीज. शुल्क नाही, आधीच्या साधकांच्या दानातून नव्यांची तजवीज होते.

या साधनेचे आचार्य सत्यनारायण गोएन्का यांची प्रवचने आज ध्वनिमुद्रणावरून ऐकविली जातात. १९२४ साली मंडालेत जन्मलेले हे व्यापारी गृहस्थ अर्धशिशीने इतके जर्जर झाले होते की त्यांना मॉर्फिनची सुई टोचून घ्यावी लागे, आणि देशोदेशींचे वैद्य करूनही उतार पडत नव्हता. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशी गेले. ऊ बा खिन कोणी मठाधिपती नव्हते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, ४ जानेवारी १९४८ रोजी, महालेखापालाच्या पदावर आलेले ते सरकारी अधिकारी होते, आपल्या कचेरीतील कारकुनांनाही ते ध्यान शिकवीत, आणि त्यांना स्वतःला ही विद्या मिळाली होती ती एका शेतकरी आचार्यांकडून. केवळ डोकेदुखीसाठी येत असाल तर प्रवेश नाही, असे त्यांनी गोएन्कांना प्रथम बजावले होते. ही हकीकत ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण मीही दुखणेच घेऊन आलो होतो. परंतु त्या नकारातील शहाणपण पुढे बैठकीवर कळत गेले. व्याधी जावी म्हणून श्वास पाहणारा मनुष्य श्वास पाहतच नाही; व्याधी गेली की नाही, एवढेच तो क्षणोक्षणी तपाशीत राहतो.

पहिले साडेतीन दिवस आनापानाचे: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास दीर्घ करावयाचा नाही, त्याला मंत्राची जोड द्यावयाची नाही, केवळ जाणावयाचा. चौथ्या दिवशी विपश्यना सांगितली जाते. मस्तकापासून पावलांपर्यंत मन फिरवीत संवेदना पाहावयाची, सुखद असेल तर कवटाळावयाची नाही, दुःखद असेल तर झिडकारावयाची नाही. आणि त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठान. अशाच एका बैठकीत, भर दुपारी, ते भय आले. एरवी ते आले की मी त्याच्या मागोमाग बंधूंच्या भवितव्याचे तर्क करीत धावत सुटे. येथे धावायला वाव नव्हता. घशाचा कोरडेपणा मी पाहू लागलो, आणि जे एकच अखंड संकट भासत होते त्याचे अंश सुटे सुटे दिसू लागले: कंठमुळाशी खरखर, उरोस्थीमागे उष्ण दाब, तळहातांना घाम, आणि या सर्वांहून निराळी, मन स्वतःच रचीत असलेली भविष्याची एक कथा. दाब वाढला, इतका की उठून जावेसे वाटले, मग ओसरला, पुन्हा वाढला, पण पहिल्याइतका नव्हे. भय समूळ नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. ते आले, राहिले आणि गेले, आणि त्याला घालविण्यासाठी मला काहीही करावे लागले नाही, एवढे मी प्रत्यक्ष पाहिले. आणि इतक्या महिन्यांच्या झुंजीनंतर एवढे पाहणे हीच माझ्यासाठी अपूर्व गोष्ट होती. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांना बौद्ध ध्यानपरंपरांतून घेतलेली सजगता शिकविण्यास आरंभ केला, तो का, हे मला त्या आसनावर उमगले.

दहाव्या दिवशी मंगलमैत्रीनंतर मौन सुटले. शेजारच्या आसनावरचे गृहस्थ निफाडकडचे निवृत्त तलाठी निघाले. पत्नी गेल्यापासून त्यांना राग आवरेनासा झाला होता. ते म्हणाले, “साहेब, सात-बाऱ्यावर चुकीची नोंद असली तर फेरफार करता येतो. इथं नोंद नुसती वाचायची, खोडायची नाही. लई जड गेलं.” या विद्येचे याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

शिबिर उठल्यावर आम्ही दोघे एस. टी.ने नाशिककडे निघालो आणि वाटेत पांडवलेण्यांशी उतरलो. पावसात पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहिल्यावर मी त्यांना उषवदाताच्या शिलालेखाची माहिती सांगितली. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून, येथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. तलाठीबुवांनी उभ्याउभ्या हिशेब केला. “वर्षाचे २४० होतात. वीस गुणिले बारा. पैन् पै जुळलं!” असे म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. कोणी तरी निश्चिंत बसून स्वतःचे मन पाहावे, एवढ्यासाठी जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणी तरी व्याजाचा दर दगडात कोरून ठेवला होता, आणि आदल्या दिवसापर्यंत आम्ही जे अन्न खाल्ले ते अशाच कोणा अपरिचिताने दिलेले होते, या विचाराने माझे मन कृतज्ञतेने भरून आले.

त्या भरलेल्या मनातही, पायऱ्या उतरताना, घसा कोरडा पडला. घरची खुशाली कळून बरेच दिवस लोटले होते. पाथर्डी फाट्यावर तलाठीबुवांचा निरोप घेऊन मी आडोशाला उभा राहिलो, कंठाशी काय होते आहे ते थोडा वेळ पाहिले, आणि खरखर तशीच असताना वहिनींना फोन लावला. “भावोजी, यांची तपासणी गुरुवारी आहे. तुम्ही बरोबर याल ना?” त्यांनी विचारले. येतो म्हणालो, आणि नाशिक रोडकडे जाणारी बस धरली.