माशाचं डोकं कुठल्या बाजूला?

गोराईच्या खाडीत खंड्या बघायला जायचं ठरलं की मी दुर्बिणीच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला मुंबईच्या किनाऱ्याला भरती. हा हिशेब कोळीवाड्यात कुणाला शिकवावा लागत नाही. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन : पहाटे तीनला पाणी भरणार आणि नवाच्या आसपास चिखल उघडा पडणार. षष्ठीला साडेचारची भरती, ओहोटी साडेदहा-अकराची. शुद्ध पक्ष असो की वद्य, चतुर्थी ते षष्ठी या सकाळी माझ्या कामाच्या. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सहाच्या सुमाराला होऊन जाते आणि उजेड पसरेपर्यंत पाणी परत चढायला लागलेलं असतं. मोठ्या उधाणाला ते साडेचार मीटरच्याही वर जातं, तिवरांचे बुंधे बुडतात, आणि छोटा खंड्या आतल्या झाडोऱ्यात गडप होतो. अष्टमीच्या भांगाला पाण्यात जोरच नसतो.

ओहोटीच का, ते एकदा खाडीच्या एखाद्या अरुंद फाट्यापाशी बसलं की कळतं. गोराईचं पाणी गढूळ. भरलेल्या खाडीत वरून मासा दिसणं कठीण. पाणी उतरू लागलं की बारकी मासळी फाट्यांच्या उथळ पाण्यात गोळा होते, चिखलावर निवट्या सरपटू लागतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी येतात. त्या दोन-अडीच तासांत पक्षी शिकारीत गुंतलेला असतो आणि आपल्याकडे त्याचं थोडं कमी लक्ष असतं.

बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे जाताना बहुतेकांचे डोळे पॅगोड्याच्या सोनेरी घुमटावर खिळलेले असतात. मी नांगरलेल्या होड्यांचे दोर न्याहाळतो. छोटा खंड्या, चिमणीहून जेमतेम मोठा, नेहमी खालीच बसतो. पाण्यापासून हात-दीड हातावर. होडीचा दोर, जाळ्याचा खुंट, पाण्यावर झुकलेली तिवराची फांदी. बैठक ठरलेली असते, आणि तिच्याखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ असतात. ते ओघळ सापडले की पक्षी शोधायची गरज उरत नाही. लांब बसून वाट पाहिली की तो येतो. येण्याआधी कानाला कळतं : बारीक, धारदार शीळ, पाठोपाठ पाण्याला घासून जाणारी निळी रेघ. बसल्यावर चोच बघावी. खालची चोच तांबूस असेल तर मादी, दोन्ही काळ्या असतील तर नर.

आपण नुसतं खंड्या म्हणतो तो बहुधा पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा, लाल चोचीचा. त्याला पाण्याची फारशी फिकीर नसते. गोराई-कुळवेमच्या शेतांवरच्या तारेवर बसून तो सरडे, नाकतोडे, खेकडे खातो आणि मार्च-एप्रिलात उंच शेंड्यावरून तासन्‌तास खिंकाळत राहतो. कवड्या खंड्या काळा-पांढरा. मोकळ्या पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली कोसळतो. हिवाळ्यात कांदळवनात काळ्या टोपीचा धीवर दिसला तर तो दिवस त्याचा. जांभळट निळी पाठ, नारिंगी पोट. जगभर त्याची संख्या घटतेय म्हणून २०२२ साली त्याला संकटग्रस्तांच्या यादीत वरच्या धोक्याच्या श्रेणीत टाकलं. त्याच्यासाठी मी होडीवाल्याला इंजिन बंद करून वाहत जाऊ दे म्हणतो. जवळ जा म्हणत नाही.

जवळ जाण्याबद्दल मला जे काही कळलं ते कालवं काढणाऱ्या बायकांकडे पाहून. गुडघाभर चिखलात वाकून त्या खडकावरची कालवं काढत असतात, मोठ्याने बोलत असतात, एकमेकींना हाका मारत असतात. आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर छोटा खंड्या निवांत मासे धरत असतो. मी मात्र मातकट शर्ट घालून, श्वास रोखून, दबक्या पावलांनी चाळीस पावलांवर पोहोचलो की तो उडालाच. आवाज नसणं म्हणजे धोका नसणं, असं पक्षी मानत नाही. सरळ रेषेत, दबकत, डोळे रोखून येतं ते मांजर असतं. मावशींना खंड्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची पावलं तिरकी पडत, नजर खडकावर असे.

म्हणून आता मी बांधावरून चालतो तो पलीकडे काम असलेल्या माणसासारखा. पक्ष्याच्या दिशेने नाही, त्याला बाजूला ठेवून. बोट दाखवत नाही. बसायचं तर तो नसताना बसतो. तो येऊन पाहतो तेव्हा मी तिथलाच एक ओंडका असतो. दुर्बीण आठपटीची पुरे. वीसपटीची घेतली तर हात थरथरतो आणि मग माणूस पुढे सरकतो. डासांचं मलम आधीच चोपडून घ्यावं. तिवरात बसून डास मारणाऱ्या माणसाइतकं हलणारं दुसरं काही नसतं.

तरी आपण अडथळा झालोय हे ओळखता यायला हवं. छोट्या खंड्याने मान ताठ केली, अंगावरची पिसं चापून घेतली, डोकं भराभर वरखाली करू लागला, तर थांबावं. पण खरी खूण चोचीतल्या माशात असते. खंड्या मासा धरून फांदीवर आपटतो आणि गिळताना त्याचं डोकं आधी घशात घालतो; काटे आणि खवले आडवे येऊ नयेत म्हणून. स्वतः खायचा असेल तर माशाचं डोकं त्याच्या घशाकडे असतं. डोकं बाहेरच्या बाजूला धरलं असेल, तर तो मासा दुसऱ्या कुणाच्या घशात जायचाय : मादीच्या किंवा पिल्लाच्या. असा मासा धरून पक्षी एकाच जागी खिळून बसला, इकडेतिकडे बघतोय आणि जात नाहीये, तर बीळ जवळ आहे आणि त्याच्या आड आपण उभे आहोत. मग पाय मागे घ्यायचे. तो बिळाकडे झेपावेपर्यंत मागे. पिल्लाचा तेवढा घास आपल्यामुळे लांबलेला असतो.

हे कितीही सांगितलं तरी मोठ्या लेन्सवाल्यांच्या टोळीला पटत नाही. एकेकाळी याच निळ्या पिसांसाठी आपल्याकडचे खंड्या फाशात धरले जात आणि पिसं दागिन्यांत बसवायला चीनकडे जात. पुढे तो धंदा मागे पडला. आता पीस नको असतं, छायाचित्र हवं असतं. टबात जिवंत मासे सोडायचे, वर आयती फांदी रोवायची, पक्षी ठरलेल्या ठिकाणी सूर मारणार. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळांपुढे रायगडात जी गर्दी होते, तिच्याबद्दल ऐकून मी त्या दिवसांत कर्नाळ्याकडे फिरकायचंच सोडलं. एवढासा पक्षी, ओढ्याकाठच्या मातीत बीळ, आणि समोर तिपाया. बीळ सापडलं तर त्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर टाकू नये, एवढी साधी गोष्टही आपण पाळत नाही.

बिळांच्या बाबतीत खरा पेच मात्र छायाचित्रकारांचा नाहीच. गोराईच्या बाजूला कोळंबीच्या तळ्यांचे बांध आहेत. उभी, मऊ मातीची भिंत, खंड्याला हवी तशी. मार्चपासून जोडी चोचीने माती उकरते आणि पायांनी ती मागे लोटते. हात-दोन हात आत गेलेलं बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी पायांनी पडलेल्या दोन चऱ्या ओल्या आणि ताज्या असल्या, आत पांढरं दिसलं, वास मारत असला तर आत पिल्लं आहेत. आणि बांधवाल्याच्या दृष्टीने ते खेकड्याच्या बिळाइतकंच वाईट. उधाणाचं पाणी तिथून झिरपायला लागलं तर बांध फुटतो. त्यामुळे पावसाआधी तो प्रत्येक भोक चिखलाने लिंपत जातो, आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

मी एका बांधवाल्या काकांना चऱ्या दाखवल्या. त्यांना त्या माझ्याआधी माहीत होत्या. कोळंबी वाहून गेली तर पैसे तू देणार का, असं त्यांनी विचारलं. मी गप्प राहिलो. मग त्यांनी स्वतःच सुचवलं : बीळ तळ्याच्या आतल्या अंगाला आहे, बाहेरून अर्धा हात मातीचा जादा थर दिला तर उधाण निघेल. एक पाटी मी उचलली, बाकीच्या त्यांच्या मुलाने. मे संपता संपता पिल्लं बाहेर पडली, आणि पहिल्या पावसाच्या आत काकांनी ते बीळ लिंपून टाकलं.