डास हाउस

जर्मन भाषेत ‘मामा’ म्हणजे आई. हे मला ठाऊक नव्हते तोवर माझे बरे चालले होते. माझी धाकटी बहीण लग्न करून जर्मनीत गेली, स्टुटगार्टजवळ तिने संसार मांडला आणि सहा वर्षांपूर्वी मला भाची झाली. मोबाइलच्या चौकटीत बहीण तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगे, “हा बघ मामा!” पोर आधी माझ्या मिशांकडे बघे, मग आपल्या आईकडे बघे आणि खो-खो हसत सुटे. मिशाळ आई कोणत्या मुलाच्या पचनी पडणार?

गेल्या वर्षी बहिणीने कळवले, यंदा दिवाळीला तिघेही येतो. आमची आई हरखली आणि लगेच कष्टी झाली. नातीला मराठी थोडेफार समजते, पण तोंडातून येते ती जर्मनच. “मग मी तिच्याशी बोलू कशी?” आईने विचारले. घरात भाषेचा मास्तर म्हणून मिरवणारा मी एकटा. साहजिकच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संध्याकाळच्या जर्मन वर्गात जाऊन बसलो.

मनातून मला जरा गुर्मीच होती. व्याकरण हा माझा पोटापाण्याचा धंदा. जर्मनमध्ये तीन लिंगे? आमच्याकडेही तीन आहेत. विभक्ती चार? मी शाळेत आठ घोकल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर घराचे चित्र काढले आणि विचारले, “हाउस. डेअर, डी की डास?” डेअर म्हणजे पुल्लिंग, डी स्त्रीलिंग, डास नपुंसकलिंग. मी कोणी विचारण्याआधीच ठणकावून म्हणालो, “डेअर हाउस!”

माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसत असे. ती फिस्‌कन हसली. मागच्या बाकावरचेही दोघे-तिघे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या निम्म्या वयाच्या त्या बाई शांतपणे “डास हाउस” असे म्हणाल्या आणि पुढे गेल्या. माझे कान मात्र तापले. आपले घर नपुंसकलिंगी आणि त्यांचेही नपुंसकलिंगी. नुसते मराठीवर विसंबून बोललो असतो तरी बरोबर आले असते!

त्या रात्री मी पाठांतर आरंभले. “डास हाउस, डास हाउस...” आतल्या खोलीतून सौ.ने आवाज दिला, “डास झालेत तर खिडकी लावा ना!”

लिंगाच्या बाबतीत जर्मन माणसाला कारण विचारू नये. टेबलावरचा चमचा ‘डेअर लोफेल’, काटा ‘डी गाबेल’ आणि सुरी ‘डास मेसर’, असे तीन सख्खे शेजारी तीन लिंगांचे. मुलगी, ‘मेडशेन’, नपुंसकलिंगी. तिथे निदान कारण आहे. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय ज्याला लागेल ते नपुंसकलिंगी होते. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण गोव्याच्या कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच आहे. आणि संस्कृतात तर बायकोला ‘दार’ म्हणावे तर पुल्लिंग, ‘भार्या’ म्हणावे तर स्त्रीलिंग आणि ‘कलत्र’ म्हणावे तर नपुंसकलिंग. हे सौ.ला सांगितल्यावर ती म्हणाली, “तुम्ही नुसती हाक मारा, मी येते.”

अनेकवचनाने मला खरे जेरीस आणले. घराच्या चित्राभोवतीच पाहा. खिडकी ‘फेन्स्टर’, ती एक असो वा दहा, शब्द तोच. दार ‘ट्यूर’, त्याची ‘ट्यूरेन’. आणि ‘हाउस’चे होते ‘हॉइझर’. नुसता शेपटाला प्रत्यय लागत नाही, पोटातला स्वरही बदलतो. छपराचेही तसेच, ‘डाख’चे ‘डेशर’. या स्वरबदलाला ते उमलाउट म्हणतात. फार पूर्वी कित्येक शब्दांच्या शेवटच्या प्रत्ययात एक ‘इ’ होता. त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि स्वतः झिजून गेला. पुढे त्या वळणावर इतर शब्दही गेले. पाहुणा निघून जावा आणि त्याने हलवलेली खुर्ची तशीच राहावी, असा प्रकार. हे कळले, तरी कोणत्या शब्दाला काय लागेल ते कळत नाहीच. मी बाईंना विचारले, ओळखायचे कसे? त्या म्हणाल्या, “ऐकून ऐकून कळेल.”

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. वर्गात उभा राहून मीच ते म्हटलेले होते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात सोलापूरचा एक मुलगा होता. घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या कुटुंबातला. हुशार होता, आणि मराठीवर त्याचा जीव होता. एकदा त्याने विचारले, “सर, भिंत स्त्रीलिंगी, वीटही स्त्रीलिंगी. मग भिंती आणि विटा असं का? विट्या किंवा भिंता का नाही?” प्रश्न लाखमोलाचा होता. मी म्हणालो, “ते कानाला कळतं.” कुणाच्या कानाला, हा विचार मला शिवला नाही. पुढे एकदा तो निबंध वाचायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, “माझा घर सोलापूरला आहे.” मी म्हणालो, “तुझा घर? मग त्याला दाढीमिशा फुटल्या का रे?” वर्ग हसला. मीही हसलो. त्याने निबंध पुरा वाचला, खाली बसला, आणि वर्षअखेरपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही. मला ते तेव्हा जाणवलेसुद्धा नाही. जर्मन वर्गातून सायकल ढकलत परत येताना जाणवले. तो आता कुठे आहे, मला माहीत नाही.

त्यानंतर मी विभक्ती जरा नमते घेऊन शिकलो. प्रथमा ‘डास हाउस’, द्वितीयाही ‘डास हाउस’. नपुंसकलिंगात या दोन सारख्याच, जसे संस्कृतात ‘वनम्, वनम्’. हजारो मैलांवरची ही खोड एकाच घराण्यातली आहे. १८१६ साली फ्रान्ट्स बॉप या जर्मन पंडिताने संस्कृत आणि जर्मानिक भाषांची क्रियापदे शेजारी मांडून हे घराणे दाखवून दिले होते. पुढे ‘डेम हाउस’ म्हणजे घराला आणि ‘डेस हाउझेस’ म्हणजे घराचे. अनेकवचनात ‘डी हॉइझर’, पण चतुर्थीसारख्या विभक्तीत शेवटी एक ‘न’ चिकटतो, ‘डेन हॉइझर्न’. एवढे पाठ झाले, आणि बाईंनी सांगितले की घरात शिरायचे असेल तर द्वितीया आणि घरात असायचे असेल तर ती दुसरी. आपल्याला दोन्हीकडे ‘घरात’ पुरते. मी घरात जातो, मी घरात आहे. माझ्या डोक्यात त्यांचा पार काला झाला.

तो काला भाचीने निवडला. वसुबारसेला ती आली. आईने औक्षण केले, पोरीने ताटातल्या निरांजनाला हात लावून पाहिला, आणि मी महिनोन्‌महिने जपलेले वाक्य म्हणालो. मला म्हणायचे होते, आजी घरात आहे. मी म्हणालो, ‘इन डास हाउस’. पोर हसली, पण हसण्यात टोचणी नव्हती. माझा हात धरून तिने मला अंगणात नेले, रांगोळीवरून उंच उडी मारून उंबरठा ओलांडला आणि ओरडली, “इन्स हाउस!” मग मधल्या खोलीत आजीच्या पाटाशेजारी मांडी घालून बसली आणि ठासून म्हणाली, “इम हाउस.” पुन्हा बाहेर, पुन्हा आत. रांगोळीचा एक कोपरा पुसला गेला, पण चार महिन्यांत जे झाले नव्हते ते चार उड्यांत झाले.

भाऊबीजेच्या दुपारी तिने एक चित्र काढून आणले. उतरते लाल छप्पर, धुराडे आणि दारात तिघे जण. माझ्यासमोर धरून मराठीत म्हणाली, “हा माझा घर.”

माझा मुलगा हसण्यासाठी तोंड उघडतच होता. मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने ते मिटले. मी चित्र हातात घेतले. “हे तुझं घर? फार छान आहे हो तुझं घर.” तिने माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले. “माझं घर,” ती म्हणाली, आणि धुराड्यातून आणखी धूर काढायला निघून गेली.

आठवड्याने ती मंडळी परतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. चौकटीत भाची दिसली. मी विचारले, पोचलात का? आणि मुद्दाम ‘त्सु हाउझं’ असे म्हणालो. हे जर्मनांचे ‘घरी’. ‘हाउस’ला लागणारा जुन्या विभक्तीचा एक ‘ए’ तेवढा तिथे शिल्लक राहिला आहे, जसा आपल्या ‘घरी’त सप्तमीचा ‘ई’. त्याला डेअर-डी-डास काही लागत नाही, आणि आपल्या ‘घरी’लाही माझा-माझी-माझे लागत नाही. इथे चूक करायला जागाच नव्हती.

ती मराठीत म्हणाली, “हो मामा. मी घरी आहे.”

स्वयंपाकघरातून आईने विचारले, “काय म्हणतेय रे?”

“पोचली म्हणते घरी,” मी म्हणालो.

आईने हातातला चकलीचा डबा पुसला, झाकण घट्ट लावले आणि तो वरच्या फळीवर ठेवला. मग म्हणाली, “बरं झालं. तिला विचार, तिकडे थंडी फार पडलीय का?”

थंडीचे लिंग मला ठाऊक होते. मी विचारले.