आप्पांचा दुसरा अर्ज



गेल्या जूनमध्ये माझ्या आई-आप्पांचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. तेव्हा इथे लिहिलं नाही, लाज वाटत होती. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी परदेशी आहेत, म्हणून आता लिहिते.

मला पाचवा महिना होता. बाळंतपणाला आईने न्यू जर्सीला यावं, सहा महिने राहावं असा बेत. कुणीतरी सांगितलं, बाळंतपणाचं नाव काढू नका, फिरायला येतोय म्हणा. मी फॉर्ममध्ये तसंच भरलं आणि आप्पांकडून रोज फोनवर घोकून घेतलं. सांगलीकडचा शेतकरी माणूस, बीकेसीच्या वकिलातीत काचेपुढे उभा. "काय काय बघणार?" आप्पा "नायगारा" म्हणाले आणि अडकले. "सहा महिने शेती कोण बघणार?" गडबडीत म्हणाले, "मुलगी बघेल." मुलगी तर अमेरिकेत! तीन मिनिटांत हातात कागद आला, कलम २१४ (बी).

या कलमाचा अर्थ मला नंतर नीट कळला. येणारा प्रत्येक माणूस तिथेच राहायला येतोय, असं कायदा आधीच धरून चालतो. आपण परत का जाणार, हे आपणच पटवायचं. नकारावर अपील नाही. नवा अर्ज कधीही करता येतो, पण डीएस-१६० पुन्हा भरायचा, माणशी १८५ डॉलर पुन्हा भरायचे, मुलाखत पुन्हा द्यायची. आधीचे पैसे गेले ते गेलेच.

आप्पा म्हणाले, "मी परत त्या दारात उभा राहणार नाही."

क्षमावाणीला मी फोन केला, नेहमीसारखी क्षमा मागितली. आप्पा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पोरी, मी त्या साहेबापुढे खोटं बोललो. उत्तम सत्याच्या दिवशी बस्तीत बसवत नव्हतं मला." व्हिसा नाकारल्याचं दुःख मला होतंच, पण त्यांच्या मनात हे चाललंय याची मला कल्पनाही नव्हती. शिकवलं तर मी होतं. त्या दिवशी खरी क्षमा मागितली.

ऑक्टोबरमध्ये लेक झाली. बाळंतपण आईविना झालं. अळिवाचे लाडू कुणाच्या तरी बॅगेतून आले, निम्मे फुटलेले. मी तो चुराही चमच्याने खाल्ला.

नात व्हिडिओवर हसायला लागली तेव्हा आप्पा विरघळले. दुसऱ्या अर्जाच्या वेळी सल्ले पुन्हा आलेच: खात्यात उसने पैसे दाखवा, आधीचा नकार लिहू नका. फॉर्ममध्ये तो प्रश्न सरळ विचारलेला असतो. आम्ही "हो" लिहिलं. बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेतच, लपवणार काय? आणि आप्पांनी तर साफ सांगितलं, यावेळी मला काही पढवू नकोस.

बेतही बदलला. सहा महिन्यांऐवजी सात आठवडे, मे ते जून. कारण लिहिलं, नातीला बघायला. खर्च मुलगी-जावई करणार, तेही तसंच लिहिलं.

फेब्रुवारीत मुलाखत झाली, मराठीतून. परत कधी येणार, या प्रश्नाला आईनेच उत्तर दिलं. आषाढात गावात महाराजांचा चातुर्मास आहे, आहाराचा चौका आमच्या घरी असतो, मला त्याआधी घरी पोचायलाच हवं. आप्पांनी उसाच्या पाण्याचं सांगितलं. सातबारा, बँकेची कागदं फाइलमध्येच राहिली, कुणी मागितली नाहीत. पासपोर्ट ठेवून घेतले.

व्हिसा कशामुळे मिळाला ते कुणी सांगितलं नाही. सगळं खरं सांगूनही दोनदा नकार आलेले एक काका-काकू माझ्या ओळखीत आहेत. त्यामुळे हाच उपाय, असं मी म्हणणार नाही. पण या खेपेला गावी परतताना आप्पा एसटीत शांत झोपले, असं आई सांगत होती.

सध्या तिची तयारी चालू आहे. पाणी गाळायचं फडकं बॅगेत पहिलं गेलं. काल विचारत होती, "तिकडं जूनमध्ये सूर्य किती वाजता मावळतो गं?"

म्हटलं, "साडेआठला."

"मग जेवण निवांत होईल की!"