दाराबाहेरचं ऊन

अंधार. मग एक दार उघडतं.

चौकटीत एकदम सगळं ऊन. तांबडी माती, तांबडे सुळके, वर निर्दय निळं आभाळ, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, बोटाच्या पेरात मावेल एवढा, तू. घोड्यावर. सावकाश येतो आहेस.

येणार हे ठाऊक होतंच. कुठून आलास ते कुणाला सांगणार नाहीस, हेही. युद्ध संपून तीन वर्षं उलटली आणि हरलेल्या फौजेची तलवार अजून तुझ्याजवळ आहे. ती तू पोराला देऊन टाकशील. मग दाराबाहेर, पायरीवर, कुत्र्याशेजारी एकटाच बसून राहशील.

जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’. 1956. तू तेव्हा जॉन वेन होतास, आणि तुझं नाव ईथन एडवर्ड्‌स होतं. पडद्यावर अक्षरं येतात, टेक्सास, 1868. माती मात्र युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरची, मॉन्युमेंट व्हॅलीची. असू दे. नकाशे इथे चालत नाहीत.

पहिल्या वेळी मी गोष्ट पाहिली. कोण मेलं, कुणाला पळवून नेलं, सापडली का. पुढच्या खेपांना गोष्ट झिजत गेली, विरत गेली, आणि तिच्याखालचा वारा दिसायला लागला.

वारा, आणि एक हात.

सकाळची धांदल. माणसं निघायच्या घाईत. आतल्या खोलीत मार्था, तुझ्या भावाची बायको, तुझा कोट उचलते आणि त्यावरून तळहात फिरवते. एवढंच. बाहेर मधोमध वॉर्ड बाँड उभा, हातात कॉफी. त्याला दिसलंय. तो मान वळवत नाही. समोर पाहत कॉफी पीत राहतो, आणि त्याच्या त्या न पाहण्यात एका बाईचा आणि एका पुरुषाचा अख्खा न जगलेला जन्म मावतो. कुणी काही बोलत नाही. पुढेही कधीच बोलणार नाही.

मार्था थोड्याच वेळात या सिनेमातून निघून जाते. तिचं मरण फोर्ड दाखवत नाही. दाखवतो तो तुझा चेहरा. दूर माळावर घोड्याचा घाम पुसता पुसता थबकलेला. बाकीचे भरधाव पुढे गेलेत. तू खोगिरावरून पलीकडे बघतो आहेस, आणि तिथे काय चाललं असेल ते तुला कळून चुकलंय.

त्या चेहऱ्यापाशी मी दर वेळी थांबतो. थांबवतोच. चित्र गोठतं, ऊन गोठतं, घोड्याच्या पाठीवरचा ओला डाग गोठतो.

आणि शेवट. मुलगी घरी आणून सोडलीस. आता एकेक जण आत येतो, तुझ्या बाजूनं, तुला ओलांडून, जणू तू दाराचाच एक खांब आहेस, आणि तू उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहून डाव्या हातानं उजवं कोपर धरतोस, अगदी तसंच जसं हॅरी केरी धरायचा, मूकपटांपासूनचा फोर्डचा जुना नायक, 1947 साली गेलेला, आणि दाराच्या आतल्या अंधारात त्याचीच विधवा, ऑलिव्ह, मिसेस जॉर्गनसनचं काम संपवून नुकतीच आलेली, तुझ्याकडे पाहते आहे, तिच्या नवऱ्याचा हात तुझ्या कोपरावर पाहते आहे, आणि वारा सुटलाय, आणि दार मिटायला लागलंय, आणि तुला आत ये असं म्हणायचं कुणालाच सुचत नाही.

म्हणजे तेव्हाही कुणीतरी गेलेलंच होतं. ज्याच्यासाठी आज मी असा दिवे मालवून बसतो, तो सिनेमा स्वतःच कुणाच्या तरी मागे उरलेला होता.

ती धूळ खरी.

1955 च्या उन्हाळ्यातली. विंटन हॉकच्या कॅमेऱ्यानं टिपलेली. तुझ्या घोड्याच्या टापेखालून उठली, जरा तरंगली, बसली. त्या दिवशीचे ढग खरे; तसे ते पुन्हा जमले नाहीत. घोळक्यातल्या घोड्यांच्या सावल्या खऱ्या. त्या घोड्यांची नावं श्रेयनामावलीत येत नाहीत. कथा खोटी, गोळ्या खोट्या, रक्त तर त्या काळी जेमतेमच. आणि मधेच, कुणाच्या लक्षात न येता, एक दुपार अख्खीच्या अख्खी खरी राहून गेली.

कडेला ते उभे आहेत.

नवाहो. ही जमीन त्यांची. पण कॅमेऱ्यासमोर त्यांना कोमान्ची व्हावं लागलं. स्वतःच्या अंगणात दुसऱ्याचं नाव लावून, आपल्याच भाषेत बोलत, ते घोड्यांवरून कोसळले, उठले, अंग झटकून पुन्हा कोसळायला गेले. त्यांच्या सरदाराचं काम तर निळ्या डोळ्यांच्या हेन्री ब्रँडनला. पहिल्या वेळी मला ते दिसले नव्हते, फक्त पडताना दिसले होते. आता नजर तुझ्यावरून घसरते आणि त्यांच्यावर जाऊन बसते. त्यांच्या शोकाला या सिनेमात दार नाही. मिटायलाही नाही.

तू मेलेल्या कोमान्चीच्या डोळ्यांवर गोळ्या झाडल्यास. डोळ्यांवाचून त्याला आत्म्यांच्या देशात जाता येऊ नये, त्यानं वाऱ्यांमधून भटकत राहावं म्हणून. मग तूच भटकत राहिलास. इतका द्वेष पोटात घेऊन इतक्या सुंदर उजेडातून चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुझ्यावर माया करणं सोपं नाही. करतो का, तेही सांगता यायचं नाही. पाठ वळवतोस तेव्हा छातीत काहीतरी सुटतं, एवढं खरं.

आणि तू एकटा कुठं आहेस.

कधी तू शेन असतोस. डोंगरावरून उतरतोस, वायोमिंगमध्ये, मागे टेटनची बर्फाळ शिखरं. ओढ्यावर हरीण पाणी पितंय. ते मान वर करतं आणि त्याच्या शिंगांच्या मधोमध, दूर, ठिपक्याएवढा तू. पोरगा पाहतोय. त्या पोराच्या नजरेतून उतरून तू आमच्यात आलास, आणि त्याच्या नजरेतूनच निघून गेलास.

त्याची हाक. सिनेमा न पाहिलेल्यांनीही ऐकलेली असते ती. तू थांबत नाहीस. हात लोंबतोय, बहुधा गोळी लागलीय; कबरींवरून घोडा वर चढतो. कुणी म्हणतं खोगिरावर बसलेला तू तेव्हाच मेलेला होतास. म्हणोत. मला हवं असतं ते तुझं वळणं, आणि तू कधी वळत नाहीस, एवढ्या वेळा लावूनही नाही, आणि तरी त्या जागेपाशी आलं की मी खुर्चीत किंचित पुढे सरकतो.

शेन झालेला ॲलन लॅड 1964 साली गेला, पन्नाशीत. पण तो पोरगा, ब्रँडन डि वाइल्ड, ज्याच्या मोठ्या डोळ्यांत तू एवढा उंच दिसायचास, तो मोठा झाला, नट झाला, आणि 1972 साली रस्त्यावरच्या अपघातात संपला, अवघ्या तिशीत, म्हणजे जाणाऱ्याला हाक मारणाराही गेला, ज्याच्यामागे हाक मारली तोही गेला, ऐकून परतवणारे डोंगर तेवढे आहेत, आणि ती हाक, ती अजून लहानच आहे, अजून तिचा आवाज फुटलेला नाही, दर वेळी ती नव्यानं पळत सुटते, धापा टाकत, तुझ्या मागे.

‘हाय नून’ मी कमी लावतो. घड्याळं फार आहेत त्यात. पण रिकाम्या रस्त्यावर गॅरी कूपर एकटा उरतो, कॅमेरा वर वर जातो, आणि वर पाहावं तर आभाळात एक ढग नाही, रंग नाही, धुतलेल्या कापडासारखा कोरडा पांढरा उजेड. अख्खं गाव खिडक्यांआड. तो चेहरा. बस्स, त्या चेहऱ्यापुरता.

लिओनीकडे मात्र वेळ खर्चायला जातो.

‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. 1968. कुठल्याशा आडरानातल्या स्टेशनावर तीन माणसं गाडीची वाट पाहताहेत. वंगणाअभावी पवनचक्की कण्हते आहे. वुडी स्ट्रोडच्या टोपीवर वरून पाण्याचा थेंब पडतो. पुन्हा पडतो. जॅक इलमच्या दाढीवर माशी बसते. बोलत कुणी नाही. गाडी आली की तिघंही मरणार आहेत. मला माहीत आहे; त्यांना नाही; आणि म्हणून त्या माशीचं गुणगुणणं, तो थेंब, तो लाकडाचा कुरकुराट, हे सगळं इतकं जिवंत होतं की गाडी उशिरा यावी असं वाटायला लागतं.

पुढे त्याच सिनेमात एक बाई गाडीतून उतरते. न्यायला कुणी आलेलं नाही. ती घड्याळ बघते, थांबते, मग स्टेशनच्या खोलीतून पलीकडे निघते, आणि कॅमेरा छपरावरून उचलला जातो आणि खाली सगळं उभारलं जात असलेलं गाव, आणि तो बाईचा सूर, शब्दांवाचूनचा, आभाळभर. मोरिकोनेनं या सिनेमाच्या धुना चित्रीकरणाआधीच रचल्या होत्या. लिओनी त्या सेटवर वाजवायचा. म्हणजे ती चालत होती तेव्हा हा सूर तिथे खरंच होता. त्याच हवेत. 2020 साली मोरिकोने गेला, 2025 साली ती, क्लॉडिया कार्डिनाले. सूर उतरत नाही. छपरावरच आहे.

‘मॅकेनाज गोल्ड’साठी गर्दी करणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला कधी विचारून पाहा. सिनेमा बेताचाच होता, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही. त्यातल्या सुळक्याची सूर्योदयाला लांबत जाणारी सावली ते अजून हातवारे करून सांगतात. पडदे गेले, बाकडी गेली, सावली अजून सरकतेच आहे.

आणि मग तू म्हातारा झालास.

1976. ‘द शूटिस्ट’. सुरुवातीलाच तुझे जुने दिवस, कृष्णधवल, एकामागून एक. ‘रेड रिव्हर’मधला तू, ‘हॉन्डो’मधला, ‘रिओ ब्राव्हो’मधला. चेहरा दाट होत जातो. कपाळ मोठं होत जातं. मग रंग येतात, थंडी येते, साल 1901 चं असतं, वर्तमानपत्रात व्हिक्टोरिया राणीच्या मृत्यूची बातमी आणि तुझ्या बुडाखाली उशी, कारण खोगीर सोसवत नाही. डॉक्टर जेम्स स्टुअर्ट आहे. तोही पिकला आहे. दोघं समोरासमोर बसता आणि तो तुला सांगतो. कॅन्सर. तू ऐकून घेतोस, जसं एखाद्या गावाचं नाव ऐकून घ्यावं. तीन वर्षांनी, 1979 साली, खऱ्या तुलाही त्यानंच नेलं.

तो सिनेमा एकट्यानं पाहवत नाही. दुकटं पाहायला कुणी बसत नाही.

मग मी मागे जातो. मागे, आणखी मागे, जिथे अजून कुणी मेलेलं नाही असं वाटावं इतका मागे. 1946. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’. रविवार सकाळ. फोर्डच, तीच दरी, पण काळीपांढरी. देवळाला अजून भिंती नाहीत. लाकडी मनोऱ्याचा सांगाडा, घंटा, वाऱ्यानं फडफडणारे दोन झेंडे, खाली नुसत्या फळ्यांचा तक्तपोस, आणि त्यावर अख्खं गाव नाचतंय. तू आता हेन्री फोंडा आहेस. मार्शल वायट अर्प. न्हाव्यानं तुझ्या अंगावर इतकं अत्तर मारलंय की लोकांना वाटतं रानात फुलं फुललीत. क्लेमेंटाइनला घेऊन कडेला उभा आहेस, ताठ, अवघडलेला. टोपी काढू की नको. मग ती भिरकावून देतोस एकदाची.

पुढे गोळीबार आहे. डॉक हॉलिडे मरेल. तू जाशील, जातोसच. सगळं पाठ आहे मला. पण आत्ता फिडल जोरात चाललंय, फळ्या धडधडताहेत, गाव कडेला सरून तुम्हा दोघांना जागा करून देतंय, आणि तू ढोपरं उचलून नाचतो आहेस, इतकं उंच, इतकं बेढब, की मला हसू आवरत नाही. अजून एक फेरी घे रे!