वाळवंटातील फ्रिज

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत एप्रिलमध्येही ऊन भाजून काढते. समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवर, बॅडवॉटरच्या पांढऱ्याशुभ्र मिठावर उभा असताना माझे चित्त मात्र ताईच्या मोटरहोममधील फ्रिजकडे होते.

गेल्या वर्षी याच प्रवासात मेहुण्यांची साखर मात्रा वाढवूनही उतरेना. आम्ही डॉक्टर मंडळी मात्रा विचारतो; औषध कोठे ठेवले होते, हे विचारायचे राहून जाते! गॅसवर चालणाऱ्या त्या जुन्या फ्रिजमध्ये अमोनियाच्या अभिसरणातून थंडावा निर्माण होतो. गाडी कलती उभी राहिली, की ते अभिसरण मंदावते. फ्रिज बंदच पडला होता आणि तापलेल्या गाडीत आतला तापमापक ३८ अंशांवर गेला होता. न उघडलेल्या इन्सुलिनला हवेत २ ते ८ अंश.

यंदा ताईने घरगुती फ्रिज बसवून घेतला. जाणत्या कारागिराकडून गॅसची नळी बंद करविली, बाहेरच्या झरोक्यांतून येणारी हवा अडविली, वळणावर दार उघडू नये म्हणून खिटी लावली. हा फ्रिज केवळ विजेवर चालतो. त्यासाठी इन्व्हर्टर आणि जादा बॅटऱ्या आल्या. बॅटरी किती उरली, हे पाहायला ताई रात्री दोनदा उठते.

परतलो तेव्हा तापमापकावर ४ अंश होते. कुप्या मी बर्फाच्या कप्प्यापासून दूर, मधल्या फळीवर सरकविल्या. गोठलेले इन्सुलिनही टाकूनच द्यावे लागते.