भांड्यावरचं नाव

दिवाळीनंतर पुण्याहून निघालो, भुसावळला गाडी बदलली आणि सकाळी बुऱ्हाणपूरला उतरलो. राजपुऱ्यातलं आजीचं घर रिकामं करायचं होतं. काकूंनी माळ्यावरची भांडी अंगणात मांडून ठेवली होती. पितळेची मोडीत जाणार, स्टीलची वाटून घ्यायची. "बर्तनवाला चारला येतोय, तोवर बघून घे," काकू म्हणाल्या.

बघायचं काय, वाचायचंच होतं. प्रत्येक ताटावर, डब्यावर नाव. 'सप्रेम भेट', तारीख, देणाऱ्याचं आडनाव, नाहीतर आजोबांची आद्याक्षरं.

मला लंडन आठवलं. कंपनीच्या कामासाठी गेलो असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशीच 'नाव घातलेली' चिनी मातीची ताटं पाहिली होती. अठराव्या शतकात युरोपातली श्रीमंत घराणी आपलं कुलचिन्ह रंगवलेले जेवणाचे सेट थेट चीनमधून मागवत. चिन्हाचं चित्र जहाजाने कँटनला जायचं. तिथले कारागीर जिंगडेझेनच्या भट्टीतून आलेल्या पांढऱ्या ताटांवर ते उतरवायचे. मग जहाजाच्या तळाशी, चहाच्या पेट्यांखाली रचून माल परत यायचा. सगळ्याला दोनेक वर्षं सहज लागायची. कारागिरांना इंग्रजी अक्षरं म्हणजे निव्वळ नक्षी. त्यामुळे चित्रावर सूचना म्हणून लिहिलेले 'लाल', 'निळा' हे शब्दही काही ताटांवर जसेच्या तसे रंगवले गेले, असं सांगतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही!

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली होती. नवरा-बायकोच्या चिन्हात ढालीचे उभे दोन भाग असायचे. पाहणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याचं घराणं, उजवीकडे बायकोचं माहेर.

चिनी ताटांवर नाव घालण्याची हौस शाहजहानलाही होती. त्याची मुमताज १६३१ मध्ये गेली ती इथेच, बुऱ्हाणपुरात. त्याचं नाव मात्र चीनमध्ये रंगवलेलं नसायचं, जुन्या थाळ्यांवर मागाहून कोरलेलं असायचं. तशी एक थाळी न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत आहे. म्हणजे पद्धत आपल्या भांडीवाल्याचीच.

"काकू, आजीचं नाव कशावरच नाही?"

"बायकांची नावं कोण घालतं रे!"

तरी शोधत राहिलो. मोडीच्या ढिगात तळाशी एक पितळी फुलपात्र निघालं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची वेडीवाकडी अक्षरं. आजीच्या माहेरचं आडनाव आणि त्याआधी एक नाव, जे घरात कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. लग्नात बदलण्यापूर्वीचं. चाळीस वर्षं तिच्यासोबत राहिलेल्या काकूंनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराने पुसून पुन्हा वाचलं, मग मोठ्याने.

चारला बर्तनवाला आला. ते फुलपात्र काट्यावर गेलं नाही. संध्याकाळी तापीकाठी किल्ल्यापाशी चक्कर मारली, मावा जिलेबी बांधून घेतली आणि रात्रीची गाडी पकडली. पुण्यात आता माझी लेक त्यातूनच पाणी पिते. अक्षरं अजून नीट वाचता येत नाहीत तिला, ठिपक्यांवरून बोट फिरवत बसते.