आजीचं उपासना संगीत

आमच्याकडे ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची प्रत आहे ती आजीची. पानांच्या कडा तेलकट, कारण वेणी घातली की ती तेलाच्या हातानेच पुस्तक उचलून देवळात निघायची. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांचं चर्च म्हणजे देऊळच. गीताचा नंबर पुकारला की पान आधी कोण काढतो, यावर आम्हा भावंडांची चढाओढ लागे. उपदेशात मात्र डुलक्या.

त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड ना. वा. टिळकांची. त्यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्ताला सोडलं नाही, मिशनला सोडलं. बाहेर पडलेल्याची गीतं आत बसलेले आजही मनापासून गातात, याची मला गंमत वाटते.

पुढे हे पुस्तक वडिलांकडे आलं. ते मंडळीच्या दानार्पणाचा हिशेब ठेवत, पैशापैशाचा. मग कमिटीची निवडणूक आणि कंपाउंडची जागा, यांवरून मंडळीत दोन तट पडले. प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकणारे सोमवारी कोर्टात समोरासमोर. एका रविवारी उपासनेला पोलीस उभे राहिले. त्यानंतर वडील देवळात गेले नाहीत. प्रार्थना चालूच होती. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते घरीच पेटी काढून बसत. पाळकसाहेब कधी फिरकले नाहीत. बऱ्याच दिवसांनी दोघेजण आले, थकलेल्या वर्गणीची यादी घेऊन! वर्गणी भरा, नाहीतर मंडळीच्या मतदार यादीतून नाव जाईल, म्हणाले. वडिलांनी चहा दिला आणि नाव काढायला सांगितलं.

माझी गोष्ट इतकी मोठी नाही. नोकरीत रविवारची पाळी लागली, सवय मोडली. चुलतभावाची मुलं गिटार-ड्रमवाल्या नव्या फेलोशिपला जातात. 2020 मध्ये उपासना मोबाइलवर आली आणि देवळं उघडल्यावरही काहीजण मोबाइलवरच राहिले.

लोकांची श्रद्धा उडाली, असा उपदेश वेदीवरून सोपा असतो. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांचा देवाशी वाद नव्हता. माणसांशी होता, आणि तो मिटवायला कोणी आलं नाही.

कमिटीवर असाल तर एवढं करा. दोन-तीन रविवार एखाद्याची जागा रिकामी दिसली, तर त्याच्या घरी जा. पावतीपुस्तक नेऊ नका.